तंबाखूचं वय : अठरा, एकवीस आणि दहा

(पाटोदा येथे सप्टेंबर महिन्यात झालेल्या वस्ती-कार्यकर्ते, पालक आणि युवक यांच्या तिमाही मेळाव्यातील भाषण. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय युवकांनीच दिला आहे. मागच्या मेळाव्यात चिठ्ठी आली होती : ‘कर्नाटकात एकवीस वर्षांच्या आतल्याला सिगारेट-तंबाखू विकायची नाही असा कायदा झाला म्हणे. आपल्याकडे तो व्हावा का?’ चिठ्ठी लिहिणारा ऊसतोडीला जाऊन आलेला असणार, हे उघड आहे. आपल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागातल्या टोळ्या दसरा झाला की निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूर-पुण्याच्या कारखान्यांना, तर कुणी थेट बेळगाव, बागलकोट, विजापूरकडे. त्यामुळे कर्नाटकचा कायदा ही आपल्यासाठी परक्या मुलखातली बातमी नाही. आपली माणसं वर्षातले पाच-सहा महिने त्या मुलखात राहतात.

आधी आज आपल्याकडे काय आहे ते सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की काहीच नाही. देशात २००३ सालचा तंबाखू नियंत्रण कायदा आहे. त्याला ‘कोटपा’ म्हणतात. अठरा वर्षांखालच्या कुणालाही सिगारेट, विडी, तंबाखू, कोणताच तंबाखूचा पदार्थ विकायचा नाही, असं त्याचं सहावं कलम सांगतं. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण नव्वद मीटरच्या आत, तर कुणालाच विकायचा नाही. आपल्या बऱ्याच शाळांच्या बाहेर रस्त्यावर पिवळी रेघ ओढलेली दिसते, ती याचसाठी. ही विक्री केली तर दंड किती? दोनशे रुपयांपर्यंत. म्हणजे एका दिवसाच्या गल्ल्यातून सहज निघून जाईल एवढा.

दुसरा कायदा २०१५ सालचा बाल न्याय कायदा. त्याचं ७७ वं कलम फार कडक आहे. मुलाला तंबाखू दिली किंवा द्यायला लावली, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. नीट ऐका. विकली तर असं म्हटलेलं नाही, ‘दिली’ तर असं म्हटलेलं आहे. आजोबांनी कौतुकाने नातवाच्या तळहातावर चिमूट ठेवली, तरी ते या शब्दात बसतं.

शिवाय आपल्या राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे, आणि सुटी विडी-सिगारेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. तुम्ही हसताय. हसण्यासारखंच आहे, कारण या मंडपापासून दहा मिनिटं चाललं तर दोन्ही मिळतील.

आता कर्नाटक. तिथल्या विधिमंडळाने २०२४ मध्ये कोटपा कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. विक्रीचं वय अठराचं एकवीस झालं. सुटी सिगारेट बंद, हुक्का बार बंद, आणि दोनशेचा दंड एक हजारापर्यंत गेला. असाच एकवीस वर्षांचा मसुदा केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०२० च्या अखेरीस लोकांच्या सूचनांसाठी मांडला होता. त्याचा देशाचा कायदा मात्र झाला नाही. म्हणून आज स्थिती अशी आहे : आपला एकोणीस वर्षांचा पोरगा अथणीच्या फडावर असतो तेव्हा त्याला पुडी विकणारा दुकानदार गुन्हेगार ठरतो, आणि तोच पोरगा गुढीपाडव्याला पाटोद्याच्या स्टँडवर उतरला की त्याला विकणारा निर्दोष. पोरगा तोच आहे आणि तंबाखूही तीच.

जगात हे नवीन नाही. शेजारच्या श्रीलंकेत २००६ च्या कायद्याने एकवीस हेच वय आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१९ पासून देशभर एकवीस आहे. त्याआधी २००५ मध्ये तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नीडहॅम नावाच्या एका गावाने आपल्यापुरता हा नियम केला. आजूबाजूच्या गावांत अठराच होतं. लोक म्हणाले, पोरं शेजारच्या गावातून आणतील. पण २००६ ते २०१० या काळात त्या गावातल्या शाळकरी मुलांचं सिगारेट ओढण्याचं प्रमाण साधारण तेरा टक्क्यांवरून सात टक्क्यांवर आलं. शेजारच्या गावांतही उतरलं, पण इतकं नाही. एका गावाने ठरवलं तर काय होतं, हे ज्यांना पाहायचं आहे त्यांच्यासाठी हे उदाहरण सांगितलं.

उलटंही सांगते. न्यूझीलंडने २०२२ मध्ये कायदा केला की २००९ पासून जन्मलेल्यांना जन्मभर सिगारेट विकायची नाही. सरकार बदललं आणि २०२४ च्या सुरुवातीला तो कायदा अंमलात येण्याआधीच रद्द झाला. म्हणून नुसता कायदा झाला की पेढे वाटावेत असं नाही.

आता मूळ प्रश्न. वय वाढवावं का? याविरुद्ध जे बोललं जातं ते मी वस्त्यांवर ऐकलं आहे, आणि त्यात वजन आहे. एकेक घेते.

पहिलं म्हणणं पोरांचं. ‘ताई, अठराव्या वर्षी आम्ही मत देतो. आमच्या हातात कोयता देता, पहाटे तीनला उठवून ट्रक भरायला लावता. तेव्हा आम्ही मोठे, आणि तंबाखूच्या वेळी लहान?’ प्रश्न खरा आहे. पण आपला कायदा सगळ्या गोष्टींना एकच वय लावत नाही. मुलाच्या लग्नाचं वय एकवीस आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि देशी-विदेशी दारूसाठी पंचवीस वर्षं आहेत. म्हणजे ज्या वस्तूने पुढचं आयुष्य बांधलं जातं तिथे थोडं थांब, असं कायदा आधीपासूनच म्हणतो. मत दर निवडणुकीला बदलता येतं. तंबाखूचं तसं नाही. अठराव्या वर्षी मोकळेपणाने घेतलेला निर्णय चाळिसाव्या वर्षी मोडायला गेलं तर मोडत नाही. इथे पन्नाशीचे किती तरी बाबा बसले आहेत, त्यांना विचारा.

आणि तुमच्या बोलण्यातला दुसरा भाग तर मला फारच महत्त्वाचा वाटतो. पहाटे तीनला उठवून ट्रक भरायला लावणं हेच मुळात तपासायला हवं. फडावर तंबाखू का खाल्ली जाते? चव आवडते म्हणून थोडीच. भूक मारायला, झोप मारायला. न्याहारीला वेळ नाही, मोळ्या वाहून पाठ मोडली आहे, रात्री गाडी आली की पुन्हा उठायचं आहे. अशा वेळी बार भरला की घटकाभर पोट गप्प बसतं. जिथे भाकरीच्या जागी तंबाखू दिली जाते तिथे तंबाखूचा प्रश्न भाकरीपासून वेगळा काढता येत नाही. हे मी मान्य करते, आणि मग म्हणते की त्या पोराला भाकरी आणि झोप मिळायला हवी. पुडी मिळाली म्हणजे त्याला न्याय मिळाला असं होत नाही.

दुसरं म्हणणं मोठ्यांचं. ‘अठराचाच कायदा कुणी पाळत नाही, एकवीस करून काय होणार?’ आपल्या बीड जिल्ह्याला याचं उत्तर दुसऱ्या एका कायद्यातून मिळतं. मुलीचं लग्न अठराच्या आत करायचं नाही, हा कायदा आपल्याकडे किती मोडला जातो ते मी सांगायला नको. जोडी झाली की पूर्ण कोयता, एकटा असला की अर्धा कोयता, उचल निम्मी. या हिशेबापायी किती मुली नववी-दहावीतून उठल्या! पण म्हणून कोणी म्हणतं का, तो कायदाच काढून टाका? जेव्हा एखादी मुलगी किंवा तिची मैत्रीण १०९८ ला फोन लावते, तेव्हा तिच्या बाजूला उभं राहायला तो कायदाच असतो. तो नसता तर त्या फोनला अर्थ राहिला नसता. मोडला जाणारा कायदासुद्धा कुणाच्या तरी हातातली काठी असतो.

आणि एकवीस का, याला साधा हिशेब आहे. अकरावी-बारावीच्या वर्गात सोळा, सतरा आणि अठरा वर्षांची मुलं एकत्र असतात. त्यातला एक अठराचा झाला की तो कायदेशीर गिऱ्हाईक, आणि बाकीच्या सगळ्यांचा पुरवठादार. वय एकवीस केलं की तो पुरवठादार शाळेच्या आवारातून बाहेर जातो. अमेरिकेत तज्ज्ञांच्या समितीने २०१५ मध्ये हेच मांडलं, की एकवीसच्या नियमाचा सगळ्यात मोठा फायदा पंधरा ते सतरा वयाच्या मुलांना होईल. शिवाय आपल्या देशात २०१६-१७ मध्ये मोठ्या माणसांची जी तंबाखू पाहणी झाली, तिच्यात तंबाखू सुरू करण्याचं सरासरी वय १८.९ वर्षं निघालं. म्हणजे परवाना मिळाल्याच्या आसपासच पुष्कळांची सुरुवात होते. ती तीन वर्षं ओलांडून दिली, तर बरेच जण कायमचे सुटतील.

तिसरं म्हणणं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. एका पारधी वस्तीवरचे म्हातारे बाबा मला म्हणाले, ‘ताई, कायदा कोणताही येऊ द्या, पहिली जीप आमच्याच पालाकडे येते.’ हे रडगाणं नाही, हा इतिहास आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी माणसांवर जन्माने शिक्का मारला. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला. लोकांच्या नजरेतून तो अजून पुरता पुसलेला नाही. उद्या एकवीसचा कायदा झाला आणि वीस वर्षांच्या पारधी पोराच्या खिशात विडीचं बंडल सापडलं, म्हणून त्याला चौकीत बसवलं, तर आपण ज्याला वाचवायला निघालो त्यालाच आपण पकडून दिलं असं होईल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कायद्याचा हात विकणाऱ्याच्या गळ्याशी असावा, ओढणाऱ्या पोराच्या नाही. आजचा कोटपाचा सहावा नियमही विक्रीबद्दलच आहे. मुलाने तंबाखू जवळ बाळगली म्हणून त्याला शिक्षा, असं त्यात नाही. वय वाढवताना हे असंच राहिलं पाहिजे, आणि आपण मागणी लिहू तेव्हा पहिल्या ओळीत लिहिलं पाहिजे.

चौथं म्हणणं दुकानाचं. वस्तीच्या तोंडाशी टपरी चालवणारी बाई बहुतेक वेळा विधवा असते, किंवा नवऱ्याचा हात मोडलेली. तिच्या गल्ल्यातला मोठा वाटा पुड्यांचा असतो. तिला एक हजाराचा दंड झाला तर त्या आठवड्याची चूल पेटत नाही, आणि पुड्यांची पोती उतरवून जाणारा ठोक व्यापारी मात्र कुठेच दिसत नाही. मला वाटतं, तंबाखू विकायला वेगळा परवाना असावा, आणि ज्या दुकानात चॉकलेट-बिस्किट मिळतं त्या दुकानात तंबाखू नसावी. पण हे करताना बचत गटांनी त्या बाईला पुडीच्या जागी दुसरा माल भरायला हात दिला पाहिजे. नाहीतर आपलं पुण्य तिच्या पोटावर.

आता मी त्या गोष्टीकडे येते जी चिठ्ठीत नव्हती.

आपण ‘धूम्रपानाचं वय’ असं म्हणतो. पण धूर हा आपला मोठा प्रश्नच नाही. त्याच २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. खाणारे, चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. आपली तंबाखू खिशातल्या पुडीत आणि चुन्याच्या डबीत आहे. आणि बायांनो, रागावू नका, ती चुलीवरच्या तव्यावरही आहे. मशेरी, आपण मिसरी म्हणतो ती. भाजून, कुटून, डबीत भरून. आई लावते, मग मुलगी आईच्या बोटाकडे बघत बघत लावते. कुणी तिला दुकानात विचारायला येत नाही की तुझं वय किती.

आणि दुसरा आकडा. २०१९ मध्ये देशभरातल्या तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यात ८.५ टक्के मुलं तंबाखू घेणारी निघाली. ज्यांनी कधी ना कधी खाण्याची तंबाखू घेतली होती, त्यांतल्या ५२ टक्के मुलांनी ती दहाव्या वाढदिवसाच्या आधीच घेतली होती. विडी ओढून पाहिलेल्यांत ४७ टक्के आणि सिगारेट ओढून पाहिलेल्यांत ३८ टक्के अशीच, दहाच्या आतली.

आपण अठरा की एकवीस यावर भांडतो आहोत, आणि निम्म्या मुलांची गाठ दहाच्या आतच पडली आहे. ही पाहणीही शाळेत सापडलेल्या मुलांची. जी फडावर गेली होती, कोपीत धाकट्या भावाला सांभाळत होती, ती त्या वर्गात बसलेलीच नव्हती.

दहाच्या आत तंबाखू पोचते कशी? मी एका वस्तीवरच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मुलांना विचारलं, ‘आज घरच्या कुणासाठी दुकानातून पुडी कोण घेऊन आलं?’ बहुतेक सगळे हात वर गेले, मोठ्या आनंदाने. काहींनी दोन्ही हात वर केले. मग विचारलं, ‘दुकानदाराने कुणाला नाही म्हटलं का?’ एकही हात वर आला नाही. एक चिमुरडी म्हणाली, ‘कशाला नाही म्हणंल? आजीची हाय की.’ तिच्या दृष्टीने उत्तर बरोबरच आहे. आजीची औषधाची बाटली आणावी तशीच तिने आजीची पुडी आणली.

हेच ते पहिलं दार. मूल पुडी आणतं, मुठीत धरून घरापर्यंत येतं, वास घेतं, एक दिवस जिभेला लावतं. त्याला कुणी बिघडवलेलं नसतं. आपणच पाठवलेलं असतं. एकवीसचा कायदा दुसरं दार बंद करील, अठराच्या आसपासचं. पहिल्या दाराची कडी आपल्याच घरात आतून आहे. ती सरकारला बाहेरून लावता येत नाही.

ईश्वरज्ञानाची पदविका करताना एक शब्द माझ्या मनात बसला तो ‘बालरक्षक’. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नियमशास्त्राला बालरक्षक म्हटलं आहे. त्या काळी मोठ्या घरांत मुलाला हात धरून नेणारा, आणणारा, वाटेत जपणारा एक माणूस असे. पौलाच्या मते नियमाचं काम तेवढं. मूल मोठं होईपर्यंत त्याला वाटेवर सांभाळायचं. मूल घरचं होतं ते मात्र प्रेमामुळे, नियमामुळे नव्हे. आणि गंमत बघा, आपल्या महाराष्ट्रात जे शिक्षक शाळाबाह्य आणि स्थलांतरित मुलांना परत वर्गात आणतात, त्यांनाही ‘बालरक्षक’ असंच नाव आहे. इथे बसलेले काही गुरुजी ते काम करतात. कायद्याकडून मी तेवढीच अपेक्षा करते. त्याने मुलाला वाटेत जपावं, दुकानाच्या फळीपाशी त्याचा हात धरावा. पण ज्या घरातून ते मूल निघतं, तिथून त्याला पुडी आणायलाच धाडलं असेल, तर बिचारा रक्षक तरी काय करील?

शेजारच्या जामखेडचं उदाहरण आपल्याला माहीत आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी काय केलं? गावातल्याच बाया निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, पुष्कळशा दलित, आणि त्यांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. डॉक्टरांनी शंभरदा सांगून जी सवय सुटली नाही, ती शेजारणीने चुलीपाशी बसून सांगितल्यावर सुटली. आपल्या मिसरीचंही तसंच होणार आहे. मुंबईतून आलेला फलक ती सोडवणार नाही. जिने स्वतः सोडली ती बाईच सोडवील. इथून बार्शी काही फार लांब नाही. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या बाकावर आपल्या भागातली माणसं गळ्याला रुमाल बांधून बसलेली मी पाहिली आहेत. त्यांतल्या कुणालाही आता वय विचारून उपयोग नसतो.

तर माझं उत्तर असं. होय, वय एकवीस व्हावं. महाराष्ट्राने कर्नाटकासारखी दुरुस्ती करावी, म्हणजे आपल्या पोराला सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच संरक्षण मिळेल. पण मागणी करताना तीन गोष्टी सोबत लिहाव्यात : शिक्षा विकणाऱ्याला, पोराला नाही. दंड आणि तपासणी टपरीपासून सुरू होऊन ठोक व्यापाऱ्यापर्यंत जावी. आणि कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या जवळ लागणाऱ्या दुकानांनाही शाळेसारखंच अंतर लागू व्हावं, कारण हंगामात आपल्या मुलांची शाळा, अंगण, घर सगळं तिथेच असतं.

आणि ज्याला कुठल्याच मंजुरीची गरज नाही, अशी चार कामं आजपासून.

एक. आपल्या वस्तीवर कुणीही मुलाच्या हातून पुडी मागवायची नाही. मोठ्याला हवी तर मोठ्याने उठून जायचं. आज मी कुणाला तंबाखू सोडा म्हणत नाही, एवढंच म्हणते की स्वतःच्या पायांनी जाऊन आणा. हे सोपं आहे, फुकट आहे, आणि उद्या सकाळपासून करता येतं.

दोन. वस्तीवरच्या दुकानदाराला चार बाया मिळून भेटा. भांडायला नको. ‘लेकरू आलं तर परत पाठव, आम्ही वाईट वाटून घेणार नाही,’ एवढा शब्द द्या. तो नाही म्हणत नाही याचं अर्धं कारण गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते. ती भीती आपणच काढली पाहिजे.

तीन. ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी सरकारचा फुकटचा फोन आहे : १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो, चित्राच्या खाली. आशाताई, ज्यांना वाचता येत नाही त्यांना तुम्ही लावून द्या. आणि हिशेब करायला लावा. दहा रुपयांच्या दोन पुड्या रोज धरल्या तर महिन्याला सहाशे. सहा महिन्यांच्या हंगामात छत्तीसशे. नवरा-बायको दोघं असतील तर बहात्तरशे. मुकादमाच्या उचलीतून हे कापलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही.

चार. गटप्रमुखांनो, मुकादमाशी बोलणी कराल तेव्हा दोन वेळच्या जेवणाची सुट्टी आणि रात्रीच्या भरणीनंतरची झोप याबद्दल शब्द घ्या. पोरं हंगामी वसतिगृहात ठेवता येत असतील तर ठेवा. ज्या मुलाचं पोट भरलेलं आणि झोप झालेली आहे, त्याला पुडीचं काम पडत नाही.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. एकवीसच्या मागणीचा ठराव आणि मुलांच्या हाती पुडी न देण्याचा ठराव, असे दोन्ही मसुदे मी लिहून आणले आहेत. ते मागच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येक गावच्या माणसाने एकेक प्रत न्यावी, आपल्या बोलीत बदल करावा, आणि बायांच्या सह्या आधी घ्याव्यात. टोळ्या निघण्याआधी हे झालं तर झालं. एकदा ट्रॅक्टर हलले की वस्तीवर म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात, आणि त्यांच्यात पुडी आणायला कोण जाणार हे आपल्याला ठाऊक आहे.

जय ख्रिस्त. राम राम.